गरोदरपणातली दारू आणि लेकराचा मेंदू: आपल्याकडं हे कुणी विचारतच नाही

गोदाकाठची_मावशी | ३ सप्टेंबर, रात्री ९.२०

नमस्कार. मी बीड जिल्ह्यातली. अंबाजोगाईजवळच्या गावात शिलाईचं दुकान आहे. इथं वाचत असते, लिहायची ही पहिलीच वेळ.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा सव्वा वर्षाचा असल्यापासून माझ्याकडं आहे. आता नऊ पूर्ण झाले. इथं त्याला बाळ्या म्हणते. बहीण आणि मेहुणे ऊसतोडीला जात, म्हणून त्याला माझ्याकडं ठेवलं ते ठेवलंच.

बाळ्या अंगानं लहानखुरा, सहाचा वाटतो. लई लाघवी, कुणाच्याही मांडीवर जाऊन बसेल. सोमवारी चारचा पाढा घडाघड म्हणतो, मंगळवारी "चार दुणे किती" विचारलं की माझ्या तोंडाकडं बघत राहतो. साखर आणायला पाठवलं तर साखर येते, सुटे पैसे येत नाहीत, आणि ते कुठं गेले हे त्याला खरंच सांगता येत नाही. शर्टाचं वरचं बटण अजून खालच्या काजात जातं. शाळेत "लक्ष नाही", "मठ्ठ", "मावशीनं लाडावला". मीही मारलंय त्याला. खोटं कशाला सांगू.

गेल्या महिन्यात एका डॉक्टरबाईंना दाखवलं. त्यांनी बराच वेळ त्याचा चेहरा पाहिला. छोटी प्लास्टिकची पट्टी डोळ्याजवळ धरून माप घेतलं, डोक्याला टेप लावला. मग मला बाजूला नेऊन हळूच विचारलं, "हा पोटात असताना आई दारू घ्यायची का?"

नऊ वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. उत्तर हो आहे. फडावरून आल्यावर रात्री अंग ठणकायचं, तिथं मिळेल ती दोघं घ्यायचे. दिवस गेल्याचं तिला तिसऱ्या महिन्यात कळलं. त्यानंतरही सुटली नाही, आणि सोड म्हणून कुणी सांगितलंही नाही.

डॉक्टरबाई म्हणाल्या, हा फीटल अल्कोहोल स्पेक्ट्रम डिसऑर्डर असू शकतो, एफएएसडी. तपासण्या करून नक्की करू. हे कसं ओळखतात, उपचार आहे का, नऊ वर्षं म्हणजे उशीर झाला का? आणि गावात दुसऱ्या बाईवर ही वेळ येऊ नये म्हणून काय करायचं? कुणाला अनुभव असेल तर लिहा.

---

परभणीकर | ३ सप्टेंबर, रात्री ९.५१

हे नावच आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. दारूनं पिणाऱ्याचं लिव्हर जातं एवढंच माहीत होतं. मावशी, लिहिलंत ते बरं केलंत. जाणकारांची वाट बघतो.

---

बालवैद्य_लातूर | ३ सप्टेंबर, रात्री ११.३०

मावशी, तुमच्या डॉक्टरबाईंना माझा नमस्कार सांगा. तो प्रश्न विचारायला आम्हीच कचरतो.

आईच्या रक्तातली दारू वारेतून थेट बाळाच्या रक्तात जाते. बाळाचं यकृत कच्चं असतं, त्याला ती पचवता येत नाही. भोवतालच्या गर्भजलातही ती साठून राहते. म्हणजे आईची उतरल्यावरही बाळ त्याच पाण्यात. मेंदू नऊच्या नऊ महिने घडत असतो, त्यामुळं अमुक महिन्यानंतर चालते असं काही नाही. किती घेतली तर चालेल याचंही सुरक्षित माप आजवर सापडलेलं नाही. देशी, मोह, बिअर, वाइन, शिंदी, कशातूनही गेली तरी दारू तीच.

फ्रान्समध्ये पॉल लेमोइन यांनी १९६८ मध्ये अशी १२७ मुलं नोंदवली होती, पण फ्रेंचमध्ये लिहिलेलं जगानं फारसं वाचलं नाही. १९७३ मध्ये अमेरिकेत सिअ‍ॅटलला केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी दारूचं व्यसन असलेल्या आयांची आठ मुलं तपासली. वंश वेगवेगळे, चेहऱ्याची ठेवण मात्र एकसारखी. डोळ्यांची फट आखूड, वरचा ओठ पातळ, आणि नाकाखालून ओठापर्यंत जी पन्हळ असते ती सपाट. पट्टी डोळ्याजवळ धरली होती ती त्यासाठीच.

पण चेहऱ्यावर हा ठसा उमटतो तो गरोदरपणाच्या अगदी सुरुवातीच्या थोड्या दिवसांत. त्या दिवसांत दारू गेली नाही आणि नंतर गेली, तर चेहरा चारचौघांसारखा आणि इजा फक्त मेंदूला. अशीच मुलं जास्त असतात, आणि तीच "मठ्ठ", "खोडकर" म्हणून मार खातात.

निदान एका रक्ततपासणीत होत नाही. वजन-उंची, डोक्याचा घेर, चेहरा, स्मरणशक्ती, लक्ष, भाषा, रोजचे व्यवहार हे सगळं तपासतात. जोडीनं कान, डोळे, हृदय, मूत्रपिंड बघतात, कारण तिथंही दोष असू शकतात. काही जनुकीय आजारांतही चेहरा असाच दिसतो, ते आधी बाजूला काढावे लागतात. म्हणून आईच्या दारूची खरी माहिती सोन्यासारखी असते. ती तुमच्याकडं आहे.

उपचाराचं बोलायचं तर झालेली इजा पुसणारी गोळी नाही. लक्ष लागत नाही, झोप नाही, चिडचिड आहे, त्यासाठी काही मुलांना औषध उपयोगी पडतं, सगळ्यांना सारखं लागू होत नाही. कोलीन या पोषक घटकावर लहान मुलांत प्रयोग झालेत, पण ते अजून रोजच्या उपचारात आलेलं नाही. टॉनिकवाल्यांच्या नादी लागू नका. खरं काम होतं ते शिकवण्याच्या पद्धतीत आणि घरात. सिअ‍ॅटललाच अ‍ॅन स्ट्रीसगुथ यांनी मोठ्या झालेल्या अशा मुलांचा अभ्यास केला. ज्यांचं निदान सहा वर्षांच्या आत झालं आणि ज्यांना मारहाण नसलेलं, सारखं न बदलणारं घर मिळालं, त्यांची पुढं शाळा सुटणं, पोलिस भानगडी हे कमी झालं. तुमचं लेकरू नऊचं आहे, पण घर त्याला सव्वा वर्षापासून एकच आहे. उशीर झालाय असं समजू नका.

---

कडक_चहा | ४ सप्टेंबर, सकाळी ७.०५

राग येतो वाचून. पोटात लेकरू असताना बाईनं दारू प्यायची म्हणजे काय? आई होणाऱ्या बाईला एवढंही कळू नये?

---

कोयत्याचं_पोर | ४ सप्टेंबर, सकाळी ८.४०

कडक चहा, तुमचा राग समजतो, पण चुकीच्या जागी पडतोय.

माझी आई सतरा हंगाम फडावर होती. दिवाळी झाली की निघायचं, उन्हाळा लागला की परत. मुकादमाची उचल घेतलेली, म्हणून आठवा महिना असला तरी मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवरून चढायचं. पहाटे चारला कोयता हातात, रात्री ट्रक भरायला परत हाक. पालात ना संडास, ना न्हाणी. पाचटानं कापलेल्या हातांना रात्री झोप नसते. तिथं सगळ्यात स्वस्त औषध म्हणून जे मिळतं ते दारूच. दवाखाना आठ किलोमीटरवर, आणि खाडा झाला की पैसे कापले जातात. खाडा नको म्हणून बायांनी गर्भाशयं काढून घेतली, हा विषय २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेला होता. तिथं "एवढंही कळू नये का" हा प्रश्न बाईला विचारायचा का?

दक्षिण आफ्रिकेच्या वेस्टर्न केप भागात द्राक्षमळ्यांच्या मजुरांना पूर्वी मजुरीचा हिस्सा म्हणून दारूच देत, त्याला डॉप पद्धत म्हणत. कायद्यानं ती बंद झाली, पण सवय राहिली. जगात या आजाराचं सर्वात जास्त प्रमाण नोंदलं गेलेल्या भागांत तो भाग आहे. आपल्या फडावर कुणी मजुरीत दारू देत नाही, पण अंगदुखी, पाल आणि गुत्ता हे तिन्ही शेजारी शेजारी असतात.

---

नांदेडची_सून | ४ सप्टेंबर, दुपारी १.१५

आमच्याकडं, तेलंगणाच्या शिवेला, शिंदीला कुणी दारू म्हणतच नाही. "थंड असते, पोटाला बरी." मला सातव्या महिन्यात उन्हाळा लागला तेव्हा घरातल्या मोठ्या बाईनं मायेनं पेला पुढं केला होता. तिच्या मनात वाईट काहीच नव्हतं. मी कडू लागते म्हणून प्यायले नाही, एवढंच. झाडावरून सकाळी उतरवलेली गोड नीरा वेगळी, पण ऊन चढलं की तीच आंबते आणि तिची शिंदी होते, हे मला आत्ता कळतंय.

किनवटकडं मोहाचं आहे. बाळंतिणीला शेक म्हणून देतात. आणि थंडीत लेकराच्या जिभेला ब्रँडीचा थेंब लावायची पद्धत तर शिकलेल्या घरांतही पाहिलीय. डॉक्टर, हे पण वाईटच ना?

---

बालवैद्य_लातूर | ४ सप्टेंबर, दुपारी २.४०

ताई, वाईटच. बाळंतपणानंतर घेतली तर दुधातून जाते. तान्ह्या बाळाला तर थेंबसुद्धा नको, त्याची साखर एकदम खाली जाऊ शकते. मोठ्या बायांना मात्र "तुमचं चुकलं" असं म्हणू नका, त्या तोंड मिटतील. "आता नवीन माहिती आलीय" म्हणा.

---

चिकू | ४ सप्टेंबर, रात्री १०.१०

नाव बदलून लिहितेय. संभाजीनगरला नोकरी करते. पाचवा आठवडा असताना, मला काहीच माहीत नसताना, मैत्रिणीच्या लग्नात दोन ग्लास वाइन घेतली. आता बारावा आठवडा आहे. हा धागा वाचून रात्रभर झोप नाही. नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आता काय?

---

बालवैद्य_लातूर | ४ सप्टेंबर, रात्री १०.२५

चिकू, सर्वात आधी शांत झोपा. किती आणि किती वेळा, यावर धोका वाढत जातो. दारू घेतलेल्या प्रत्येक आईच्या बाळाला हे होत नाही. २०१७ च्या जागतिक अभ्यासाचा अंदाज असा, की गरोदरपणात दारू घेतलेल्या १३ बायांमागं एकीच्या बाळाला एफएएसडी होतो, आणि त्यात रोज पिणाऱ्याही आल्या. एका संध्याकाळच्या वाइनवरून गर्भपाताचा विचार अजिबात नको. आतापासून प्रसूतीपर्यंत एक थेंबही नको, आणि पुढच्या तपासणीला तुमच्या डॉक्टरांना हे जसंच्या तसं सांगा. थांबायला कुठलाच महिना उशिराचा नसतो, उरलेला मेंदू घडायचा असतोच.

---

चिकू | ४ सप्टेंबर, रात्री १०.५८

रडले. आभार. नवऱ्याला आत्ता सांगितलं. तो म्हणाला, मग मीही सोडतो.

---

परभणीकर | ४ सप्टेंबर, रात्री ११.०२

शाब्बास जावईबापू!

---

गावाची_आशा | ५ सप्टेंबर, दुपारी ३.३०

मी दहा वर्षं आशा आहे, जालना जिल्ह्यात. मावशींच्या शेवटच्या प्रश्नावर बोलते.

सासू शेजारी बसलेली असताना "दारू पिता का" विचारलं तर जगात कुणी हो म्हणणार नाही. मी स्वतः दोन वर्षांपूर्वीपर्यंत विचारतच नव्हते, लाज वाटायची. एका गरवार बाईच्या अंगाला वास आला तेव्हा घरी जाऊन रडले. तिला मी लोहाच्या गोळ्या दिल्या, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलंय का पाहिलं, वजन लिहिलं आणि हे एक विचारलं नाही.

आता असं करते. वजन करायच्या निमित्तानं तिला एकटीला आत नेते. आधी विचारते, "घरात कोण कोण घेतं?" नवऱ्याचं सांगताना बाई मोकळी होते. मग, "अंग दुखतं तेव्हा तू काय करतेस? दिवस जायच्या आधी कधी घेत होतीस?" आधीचं सांगायला बाई लाजत नाही, आणि आधी घेत असेल तर आताचं हळूहळू निघतं. ऐकताना चेहरा बदलू द्यायचा नाही, हे मला शिकावं लागलं. आणि ही गोष्ट चावडीवर गेली तर पुढची बाई कधीच बोलणार नाही, म्हणून वही माझ्याजवळच राहते.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, डॉक्टर असतातच. त्या रांगेत प्रत्येकीला, गरीब-श्रीमंत न बघता, हा एक प्रश्न विचारला गेला पाहिजे. सगळ्यांनाच विचारलं तर कुणाला टोचत नाही.

अडचण तोडीला गेलेल्या बायांची. आमची ९ तारीख इथं आणि बाई सांगलीत नाहीतर कर्नाटकात. जाताना माता-बाल कार्ड पेटीत ठेवून जातात. मी आता कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून देते आणि सांगते, जिथं असशील तिथल्या सरकारी दवाखान्यात दाखव, तपासणी फुकट होते.

---

बालवैद्य_लातूर | ५ सप्टेंबर, सायंकाळी ६.१५

आशाताई, तुम्ही जे अनुभवानं शोधलंत तेच जगभरच्या प्रश्नावल्यांत आहे. टी-एस, ट्वीक, ऑडिट-सी अशा तीन ते पाच प्रश्नांच्या. त्यातल्या पहिल्या दोन्हींत "पिता का" असं थेट न विचारता "किती घेतल्यावर चढते?" असं विचारतात. जास्त सांगितलं की सवय जुनी. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१४ मध्येच सांगितलंय, की प्रत्येक गरोदर बाईला हे पहिल्या भेटीत आणि नंतर प्रत्येक भेटीत विचारावं. रक्तातून आणि बाळाच्या पहिल्या काळ्या शीतून दारूच्या खुणा शोधता येतात, पण ते मोठ्या प्रयोगशाळांचं काम. गावात विचारणं हीच तपासणी.

आणि ९ तारखेवरून आठवलं, ९ सप्टेंबर हाच जगभर एफएएसडी जागृतीचा दिवस, १९९९ पासून. नवव्या महिन्याची नववी तारीख, गरोदरपणाचे नऊ महिने म्हणून. म्हणजे येत्या तपासणीच्याच दिवशी.

---

सिस्टर_वॉर्ड_सात | ५ सप्टेंबर, रात्री ९.४५

व्यसनमुक्तीच्या वॉर्डात काम केलंय, म्हणून दोन गोष्टी कळकळीनं सांगते.

रोज आणि भरपूर पिणाऱ्या गरोदर बाईला घरात कोंडून एका दिवसात दारू बंद करू नका. हात थरथरतात, घाम सुटतो, झटके येतात, भ्रम होतो. आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकतं. तिला दवाखान्यात भरती करून, औषधाच्या आधारानं उतरवावी लागते.

दुसरं, जेवणात चोरून मिसळायचं "दारू सोडवायचं औषध". बसस्टँडवर भिंतीभिंतीवर जाहिराती असतात. त्यात काय आहे कुणाला माहीत नसतं. दारूवर प्रतिक्रिया देणारी डायसल्फिरामसारखी गोळी गरोदरपणात देत नाहीत, आणि न सांगता तर कुणालाच द्यायची नसते. सल्ला हवा असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

आणि घरचा पुरुष समोर बसून पीत असेल तर बाईची सुटत नाही. दोघांना एकदमच बोलवा.

---

आसवारिष्ट | ६ सप्टेंबर, सकाळी ९.००

आयुर्वेदाचा विद्यार्थी आहे. आसवं आणि अरिष्टं आंबवूनच होतात, त्यात मद्यार्क आपोआप तयार होतो. बाटलीवर टक्केवारी छापलेली असते, साधारण ५ ते १० च्या आसपास. मात्रा चमच्यांची असते, पण गरोदरपणी स्वतःच्या मनानं घेऊ नका, वैद्यांना विचारा. खोकल्याच्या काही औषधांतही असतो.

---

कडक_चहा | ६ सप्टेंबर, दुपारी १२.२०

सगळा धागा दोनदा वाचला. मी चुकीचं लिहिलं होतं. कोयत्याचं पोर, तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा.

दारूच्या बाटलीवर आपल्याकडं काय लिहितात ते काल मुद्दाम पाहिलं. आरोग्यास हानिकारक आहे आणि पिऊन गाडी चालवू नका. पोटातल्या बाळाचं अक्षर नाही. अमेरिकेत १९८९ पासून बाटलीवर गरोदर बायांसाठी इशारा असतो, ऑस्ट्रेलियात २०२३ पासून सक्तीचा आहे. इथंही मागणी करायला हवी.

---

कोयत्याचं_पोर | ६ सप्टेंबर, दुपारी १.०५

सांगतो. बाटलीवर छापाच, पण हातभट्टीच्या फुग्यावर काय छापणार? आमच्या शेजारच्या गावच्या बायांनी मतदान करून आडवी बाटली केली आणि दुकान बंद पाडलं, तेव्हा फरक पडला. वर्षभरानं पलीकडच्या ओढ्यात भट्टी सुरू झाली हेही खरं. दुकान बंद करणं आणि बाईशी बोलणं, दोन्ही करावं लागतं.

---

पाटी_पेन्सिल | ६ सप्टेंबर, रात्री ८.३०

विशेष शिक्षिका आहे, धाराशिव जिल्ह्यात. मावशी, बाळ्यासाठी लिहिते.

सोमवारचं मंगळवारी जातं, ते आळसानं नाही. ते शिकलेलं असतं, पण गरजेच्या वेळी सापडत नाही. जसं आपण चष्मा कुठं ठेवला ते विसरतो. त्यामुळं शिक्षेनं काही होत नाही. शिक्षा कशाची झाली हेच त्याला उद्यापर्यंत आठवत नाही, भीती फक्त राहते.

एका वेळी एकच सूचना. "हातपाय धू, दप्तर काढ आणि अभ्यासाला बस" ही तीन कामं झाली, त्यातलं त्याला शेवटचंच ऐकू येतं. रोज तेच शब्द वापरा. आज "आंघोळ कर", उद्या "न्हाऊन घे" नको. सकाळच्या कामांची चित्रं ओळीनं भिंतीवर लावा, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला. अलंकारिक बोलू नका. माझ्या एका विद्यार्थ्याला सरांनी "डोळे पुस्तकात घाल" म्हटलं, तर त्यानं खरंच पुस्तक डोळ्यांना चिकटवलं आणि वर्ग हसला. पैशासाठी मोजकीच नोट द्या, सुटे येणार नाहीत अशी. आणि कुणाच्याही मांडीवर बसतो म्हणालात, ते लाघव या मुलांना पुढं धोक्यात घालतं. कुणाला मिठी, कुणाला फक्त नमस्कार, हे आतापासून घोकून घ्या.

शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी वर्षातून एकदा येते, अंगणवाडीत दोनदा. त्यांना सांगून जिल्हा पातळीवरच्या लवकर हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी घ्या. अठरा वर्षांपर्यंत मोफत आहे. अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात बालरोग आणि मनोविकार दोन्ही विभाग आहेत, तुम्हाला तेच जवळ. २०१६ च्या दिव्यांग कायद्याच्या २१ प्रकारांत एफएएसडी हे नाव नाही, पण तपासणीत बौद्धिक दिव्यांगत्व किंवा शिकण्याची विशिष्ट अक्षमता निघाली तर त्या नावानं प्रमाणपत्र मिळतं आणि परीक्षेत सवलती मिळतात.

---

नांदेडची_सून | ७ सप्टेंबर, सकाळी १०.४०

काल घरातल्या मोठ्या बाईंना हे वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "धाकटीला दिवस गेलेत, तिला सांगून येते," आणि चप्पल घालून निघाल्यापण.

---

गोदाकाठची_मावशी | १४ सप्टेंबर, रात्री ९.०५

सगळ्यांची ऋणी आहे. एकेक सांगते.

तपासणी झाली. कान ठीक आहेत, डोळ्याला नंबर निघाला, हृदयाची सोनोग्राफी चांगली आली. बुद्धीची चाचणी पुढच्या आठवड्यात. डॉक्टरबाईंना आता जवळजवळ खात्री आहे.

बहिणीला फोनवर सगळा धागा वाचून दाखवला. कडक चहांचं पहिलंही वाचलं, गाळलं नाही. ती खूप रडली. मग म्हणाली, "मला कुणी एकदा सांगितलं असतं तर." तिची दारू दोन वर्षांपासून बंद आहे. ९ तारखेला ती आमच्या आशाताईंबरोबर दवाखान्यातल्या रांगेत गेली आणि तोडीला जाणाऱ्या तीन पोरींना स्वतःचं सांगितलं. मी सांगितलं नव्हतं तिला तसं करायला.

शाळेत सरांना भेटले. त्यांनी ऐकून घेतलं, बाळ्याला पुढच्या बाकावर घेतलंय. चष्मा आल्यावर तो फळ्याकडं बघून म्हणाला, "मावशी, अक्षरं जवळ आली."

पाटी पेन्सिल ताई, भिंतीवर चित्रं लावली. दात, आंघोळ, शर्ट, दप्तर. तिन्ही करतो आणि दप्तराशी येऊन अडतो. चार दिवसांनी कळलं, मी काढलेलं दप्तर त्याला आजीची पेटी वाटत होती, म्हणून रोज पेटीपाशी जाऊन उभा राहायचा. काल त्याच्याच दप्तराचा फोटो काढून तालुक्याला छापून आणला. आज सकाळी उचललं.